पाखरू आणलं, पाणी पाजलं, सकाळी ताठ झालेलं सापडलं: असं पुन्हा पुन्हा होत असेल तर

गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्या दारात खोक्यात, पिशवीत, क्रिकेटच्या टोपीत, एकदा तर शाळेच्या डब्यात घालून पाखरं आलीत. आणणारा दर वेळी वेगळा, तक्रार मात्र ठरलेली. आधी तीच सांगते, म्हणजे तुमच्या हातातलं पाखरू कुठे बसतं ते तुम्हाला ओळखता येईल.

लक्षणं

- अंगणात किंवा गच्चीवर बसलंय, जवळ गेलं तरी उडत नाही.
- पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून गोळा झाल्यासारखं बसलंय.
- एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय, किंवा एका पायावर भारच देत नाही.
- चोच उघडी, धापा टाकतंय, दोन्ही पंख अंगापासून लांब धरलेत. हे एप्रिल ते जून.
- पंखाला किंवा पायाला मांजा. हे संक्रांतीच्या आधीपासून पार होळीपर्यंत.
- मान वाकडी झाली आहे, गोल गोल फिरतंय. कबुतरांत हे जास्त दिसतं.
- मांजराच्या तोंडातून सोडवलंय, पण जखम काहीच दिसत नाही.
- काल संध्याकाळी बरं होतं, दोन घोट पाणीही प्यायलं, आज सकाळी बघतो तर मेलेलं.

ही शेवटची तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावी लागते आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसले. असं पाखरू बहुतेक वेळा मूळच्या जखमेने जात नाही. ते आपल्या मदतीने जातं. हे मी दुसऱ्यांवर बोट ठेवून म्हणत नाही, माझ्याच हातून झालंय.

माझं पहिलं पाखरू खंड्या होता. जिन्याच्या खिडकीच्या काचेवर आदळून खाली पडला होता. चॉकलेटी डोकं, पांढरा गळा आणि पाठीवर तो निळा रंग, जो लांबून उडताना दिसतो पण हातात घेतल्यावर वेगळाच वाटतो. श्वास चालू होता, डोळा उघडा होता. मी ग्लुकोजचं पाणी केलं, मुलाच्या औषधाचा ड्रॉपर घेतला, ती लांब लाल चोच बोटाने उघडली आणि चार-पाच थेंब आत सोडले. त्याने गिळल्यासारखं केलं. मला बरं वाटलं, म्हणून आणखी दिले. थोड्या वेळाने त्याच्या नाकपुडीपाशी एक बारीक बुडबुडा आला. मग श्वास घेताना टिक-टिक असा आवाज येऊ लागला. अर्ध्या-पाऊण तासात संपला. पुढे एका पशुवैद्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, काचेचा धक्का त्याने कदाचित सोसला असता, पाणी फुप्फुसात गेलं.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते. सगळ्यात सोपं आणि फुकटचं आधी, अवघड शेवटी. बहुतेक पाखरांच्या बाबतीत आपलं काम पहिल्या तीन पायऱ्यांतच संपतं.

पहिली पायरी: हात लावू नका, आधी बघा

याला पैसा लागत नाही, धीर लागतो. दहा-पंधरा पावलं मागे या, कुत्रं-मांजर हाकला आणि बघत उभे राहा.

याचं कारण असं की उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ पाखरं जखमी नसतातच. ती उडायला शिकणारी पिल्लं असतात. बुलबुल, साळुंकी, कावळा यांची पिल्लं घरट्यातून निघतात तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. दोन-चार दिवस ती जमिनीवर, झुडपात, कुंपणाच्या तारेवर काढतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. ओळख सोपी आहे: अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्यात पिवळट मऊ कड, आणि टुणटुण उड्या मारतंय. अशा पिल्लाला उचलून आणणं म्हणजे आईच्या देखत पळवून नेणं.

मागच्या जूनमध्ये आमच्या गल्लीतला एक पोरगा बुलबुलाचं पिल्लू ओंजळीत घेऊन आला.

"काकू, हे उडूनच नाही राहिलं. याची आई मेली जी."

"मेलेली पाहिली का तू?"

"नाही, पण दिसून नाही राहिली ना कुठे."

त्याला घेऊन मी त्याच जागी गेले. पिल्लू जास्वंदीच्या आतल्या फांदीवर ठेवलं आणि आम्ही दोघं स्कूटरच्या आड बसलो. पोराची चुळबुळ चालू होती. दहा-बारा मिनिटांनी विजेच्या तारेवर एक बुलबुल येऊन बसला, चोचीत हिरवा नाकतोडा. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सरळ जास्वंदीत शिरला. पोराने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. त्यानंतर त्याने एकही पिल्लू उचलून आणलेलं नाही. उलट इतर पोरांना तो अडवतो.

पिल्लू रस्त्याच्या मधोमध असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा समज खोटा आहे, त्याला धरून बसू नका. पिल्लू उघडंवाघडं असेल, अंगावर पिसं नसतील, तर ते घरट्यातून पडलंय. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. घरटंच वादळात गेलं असेल तर भोकाभोकांची छोटी टोपली घ्या, आत सुकं गवत घाला, त्याच झाडाला सावलीच्या बाजूने बांधा आणि लांबून तासभर नजर ठेवा. आईबाप आले तर तुमचं काम झालं. नाही आले तर पुढे जा.

दोन पाखरांबद्दल वेगळं सांगायला हवं. एक पाकोळी. काळपट, लांब कोयत्यासारखे पंख, पाय जवळजवळ दिसतच नाहीत. पुलाखाली, जुन्या इमारतींच्या छपराखाली वसाहती करून राहते. तिच्या पायाची चारही बोटं पुढे वळलेली असतात, भिंतीला लटकायला सोयीची, जमिनीवर चालायला निरुपयोगी. त्यामुळे खाली पडली की धडधाकट असूनही बऱ्याचदा उठू शकत नाही. पंख दोन्ही सारखे असतील, रक्त नसेल, तर मोकळ्या जागी तळहातावर ठेवून हात डोक्याच्या वर धरा आणि थांबा. ती थरथरते, अंग तापवते आणि निघून जाते. वर फेकू नका. दोनदा करूनही गेली नाही तर खोक्यात ठेवा.

दुसरा पिंगळा. याची पिल्लं संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी बसलेली सापडतात, डोळे मोठे करून तुमच्याकडे बघतात. लोक अपशकुन म्हणून दगड मारतात, म्हणून मी त्यांना उचलून त्याच झाडाच्या फांदीवर वर ठेवते आणि कोणाला फारसं सांगत नाही. घुबडांच्या मागे लागणारी माणसं असतात, विशेषतः दिवाळीच्या सुमारास. पिंगळा कुठे राहतो हे गल्लीभर करू नका, फोटो तर मुळीच टाकू नका.

पाखरू खरंच जखमी आहे असं कधी धरायचं? रक्त दिसतंय, पंख लोंबतोय, मोठं पाखरू असून पळत नाही, मुंग्या लागल्यात, मांजराने धरलं होतं, किंवा तासाभरात जागचं हललं नाही. मग दुसरी पायरी.

दुसरी पायरी: खोका आणि अंधार

नागपुरात खोका शोधायला लागत नाही. संत्र्याचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. हवेची भोकं त्याला आधीच असतात, जाड असतो, आणि घारीएवढं पाखरूही मोठ्या खोक्यात मावतं. तळाशी जुना सुती कपडा घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात आणि पाखरू सुटायच्या धडपडीत पाय मोडून घेतं. वर्तमानपत्रही एकटं नको, त्यावर पाय घसरतात. चिमणीसारख्या लहान पाखराला चपलेचा खोका पुरतो. पिंजरा चालत नाही: तारांवर आपटून पिसं मोडतात आणि चारी बाजूंनी माणसं दिसत राहतात.

उचलताना वरून एक कपडा टाका, डोकं झाकलं गेलं पाहिजे. डोळ्यांपुढे अंधार झाला की बहुतेक पाखरं शांत होतात. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचला. छाती दाबू नका. आपल्याला श्वास घ्यायला पोट आणि छातीमधला पडदा मदत करतो, पाखराला तो नसतो. त्याचं छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. भीतीने मूठ घट्ट आवळली की श्वासच थांबतो, आणि लोकांना वाटतं घाबरून मेलं.

घार, शिक्रा, घुबड यांची भीती चोचीची नाही, पायांची. नखं तळहातातून आरपार जाऊ शकतात, म्हणून आधी पाय धरायचे. बगळा आणि ढोकरी यांचं उलटं आहे. ती सरळ डोळ्यावर चोच मारतात, विजेसारखी. चेहरा लांब ठेवा, चष्मा घाला, आणि एका हाताने डोक्यामागून मान धरा, नाकपुड्या मोकळ्या सोडून. पोपट चावतो, जाड कपडा लागतोच. हे जमणार नाही असं वाटलं तर वरून मोठी बादली किंवा टोपलं पालथं घाला, फोन करा आणि तिथेच थांबा. यात कमीपणा नाही.

खोका बंद केला की उघडू नका. ही गोष्ट सांगायला सोपी आणि पाळायला फार कठीण आहे. घरातले सगळे एकेक करून डोकावतात, लहान मुलांना दाखवायचं असतं, कोणीतरी हलकेच थोपटतं. रानातल्या पाखराला आपण शिकारी आहोत. आपला स्पर्श, आपला आवाज, टीव्ही, कुत्र्याचं भुंकणं, या सगळ्याने त्याचं काळीज धडधडत राहतं आणि जखमेने न मेलेलं पाखरू धसक्याने मरतं. खोका अशा खोलीत ठेवा जिथे कोणी जात नाही. देवघराशेजारची अडगळीची खोली चालेल, स्वयंपाकघर नको.

काचेवर आदळलेल्या पाखराला बऱ्याचदा इतकंच औषध लागतं. तास-दोन तास अंधारात बसलं की आतून खडखड सुरू होते. खोका बाहेर नेऊन, झाडांच्या बाजूला तोंड करून उघडा. सरळ आणि उंच उडालं तर ठीक. तिरकं गेलं, पडलं, किंवा दोन तासांनीही मलूल असेल तर डोक्याला मार बसलाय, वन विभागाच्या उपचार केंद्रावर न्यायचं (पत्ता-फोन शेवटी दिलाय).

तिसरी पायरी: ऊब की गारवा, आधी महिना बघा

पाखराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस. जखमी पाखराला ही ऊब टिकवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा खोक्यातलं पाखरू रात्रीतून गारठतं. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट-गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. दोन-तीन तासांनी पाणी बदला. गार झालेली बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते. बल्ब आत लटकवू नका.

मे महिन्यात हे सगळं उलट. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी घारी, कबुतरं, बगळे झाडावरून अक्षरशः टपकतात. धापा टाकणाऱ्या पाखराला सावलीत आणा, पाय आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा, अंग भिजवू नका. फ्रिजचं पाणी नको. खोका कूलरच्या तोंडासमोर नको, कूलर लावलेल्या खोलीत कोपऱ्यात चालेल. खोक्याबाहेर सावलीत उथळ ताटलीत पाणी समोर ठेवा. स्वतःच्या पायावर उभं राहून ते स्वतः प्यायलं तर बऱ्याचदा अर्ध्या तासात सावरतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सोडा, भर दुपारी नाही.

चौथी पायरी: पाणी पाजायचं नाही, भरवायचं नाही

ही पायरी म्हणजे काही न करण्याची पायरी. पण सगळ्यात जास्त पाखरं इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर.

पाखराची चोच उघडून बघितलीत तर जिभेच्या मुळाशी, अगदी समोर, एक छोटी फट दिसते. ती श्वासनलिका. आपल्या घशात श्वासनलिकेवर झाकण असतं, घास गिळताना ते बंद होतं. पाखरात तसं झाकण नाही. शुद्धीतलं पाखरू ती फट स्वतः आवळून बंद करतं. मलूल, धक्क्यात असलेल्या पाखराला ते जमत नाही आणि तुम्ही सोडलेला थेंब सरळ फुप्फुसाकडे जातो. ड्रॉपर, सिरिंज, चमचा, ओला कापूस, काहीही असो. माझ्या खंड्याच्या नाकपुडीतला बुडबुडा तोच होता.

"पण त्याला तहान लागली असेल ना हो ताई?" असं शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, आणि त्यांचं मन मला कळतं. दारी आलेल्याला पाणी विचारणं हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. त्यांना मी एवढंच सांगते की आधी ऊब, मग डॉक्टर, मग पाणी. अंगात पाणी कमी असेल तर डॉक्टर ते कातडीखाली सुईने देतात, चोचीतून नाही.

दूध तर अजिबात नको. दूध पचवायला जे लागतं ते पाखराच्या आतड्यात नसतंच, जुलाब होऊन ते आणखी सुकतं. भिजवलेली पोळी, ब्रेड, बिस्किट, भात, हेही नको. खंड्या मासे आणि किडे खातो, पोपट फळं-दाणे, कबुतराच्या पिल्लाला आईच्या घशातला पाझर लागतो. एकाचं जेवण दुसऱ्याला चालत नाही. गारठलेल्या पाखराच्या पोटात अन्न गेलं तरी ते पचत नाही, सडतं. मोठं पाखरू काही तास उपाशी राहू शकतं. उघड्या पिल्लाचं मात्र तसं नाही, त्याला दर थोड्या वेळाने लागतं. म्हणून त्याला भरवत बसण्यापेक्षा त्याच तासात केंद्रावर पोचवा.

घरातलं दुखण्याचं औषध, गोळी असो की मलम, लावू नका. डायक्लोफिनॅक हे आपल्याकडे घरोघरी असणारं नाव. जनावरांना दिलेल्या त्याच औषधामुळे देशातली गिधाडं जवळजवळ संपली, आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तेलकट मलम, खोबरेल, तूप पिसांना लागलं की पिसं चिकटतात, मग ना ऊब राहते ना उडता येतं. हळद आपण सगळ्यात आधी उचलतो. पण जखमेत भरलेली हळद डॉक्टरांना धुऊन काढावी लागते आणि खाली नेमकं काय झालंय ते तोवर दिसत नाही.

पाचवी पायरी: दोन मिनिटांत तपासणी

केंद्रावर लगेच पोचता येत असेल तर ही पायरी सोडून द्या. लगेच जमत नसेल तर एकदाच, घड्याळ लावून, दोन मिनिटं.

रक्त वाहतंय का बघा. पाखराच्या वजनाच्या साधारण ७ ते १० टक्केच रक्त असतं. चिमणीचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिच्यात सगळं मिळून दोन मिलीच्या आसपास रक्त. आपल्याला चार थेंब वाटतात, तिच्यासाठी ते फार असतात. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून हलक्या हाताने चार-पाच मिनिटं धरा, मध्ये उचलून बघू नका. नख तुटून रक्त येत असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर दाबा. उघड्या जखमेत पीठ घालायचं नाही.

पिसं फुंकर मारून बाजूला करा. मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखं पिवळट-पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर ती माश्यांची अंडी. आपल्या उन्हाळ्यात दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात आणि जिवंत मांस खातात. असं दिसलं की रात्र काढायची नाही.

मांजराने धरलं असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराचे दात सुईसारखे, भोक पिसांखाली दिसत नाही, पण लाळेतले जंतू रक्तात जातात आणि औषधाशिवाय पाखरू दोन-तीन दिवसांत जातं. "अगदी बरं वाटत होतं, तिसऱ्या दिवशी गेलं" असं जेव्हा कोणी सांगतं, तेव्हा मी पहिला प्रश्न मांजराचा विचारते.

मोडलेल्या पंखाला घरी पट्टी, काडी, चिकटपट्टी काही बांधू नका. पाखराची काही हाडं पोकळ असतात आणि त्यांच्यातली पोकळी श्वासाच्या पिशव्यांना जोडलेली असते. दंडाचं हाड तसंच. तिथे हाड बाहेर आलेल्या जखमेवर तुम्ही पाणी ओतलं तर ते श्वासात उतरू शकतं. शिवाय पाखराचं हाड भराभर जुळतं, दोन-तीन आठवड्यांत. वाकडं जुळलं की ते उडणं गेलंच. म्हणून "आठवडाभर घरी बघू" हे चालत नाही.

मान वाकडी झालेलं कबूतर असेल तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. तो बऱ्याचदा विषाणूचा आजार असतो. घरी कोंबड्या असतील तर त्यांच्या आसपास नेऊ नका.

सहावी पायरी: मांजा

संक्रांतीच्या दिवशी गच्चीगच्चीवर "ओऽ काट", "ओऽ पार" चालू असतं आणि माझा फोन दुपारी तीननंतर सुरू होतो. घारी, बगळे, पोपट. संध्याकाळी थवे घरी परतायची वेळ आणि पतंगांची गर्दीची वेळ एकच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो येतो. सुती दोरा झाडावर काही महिन्यांत कुजतो. नायलॉनचा तसाच लटकत राहतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येही पाखरं अडकतात.

मांजा ओढायचा नाही. हा एक नियम पाळला तरी पंख वाचतो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीची एक पातळ घडी ताणलेली असते. मांजा बहुतेक तिथेच रुततो. ओढला की करवतीसारखा फिरतो आणि ती घडी चिरत जाते. ती गेली की हाड शाबूत असूनही पाखराला उडता येत नाही.

पाखरू हाताशी असेल तर डोकं झाका, दुसऱ्या माणसाला धरायला सांगा, आणि दोन्ही बाजूंचा लांब मांजा बोथट टोकाच्या कात्रीने कापा. जखमेपाशी बोटभर लांबीचे तुकडे राहू द्या. रुतलेला भाग डॉक्टर काढतील, त्यांना टोक धरायला मिळालं पाहिजे.

एका फेब्रुवारीत आलेली घार आठवते. डाव्या पंखात मांजा इतका आत गेलेला की वरून फक्त पिसं दुमडलेली दिसत होती. दोरा सापडला तो बोट फिरवल्यावर, केसासारखा बारीक. आणणाऱ्या दादांनी तो घरी उपटायचा प्रयत्न केला नव्हता. जसा होता तसा खोक्यात घालून आणला, म्हणून ती घडी अर्धीच चिरलेली राहिली. केंद्रात टाके पडले, बरेच आठवडे ठेवली, आणि ती उडाली.

पाखरू झाडावर उंच लटकलेलं असेल तर बांबूने ढोसू नका, अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. विजेच्या तारेवर असेल तर काठी, शिडी, काहीही नको. महावितरणला सांगून वीज बंद केल्याशिवाय कोणीही वर जायचं नाही. पाखरासाठी माणूस जाता कामा नये.

इथे थांबा आणि फोन करा

रक्त पाच मिनिटांत थांबत नाही, हाड दिसतंय, मांजा रुतलाय, मांजराने धरलंय, अळ्या आहेत, डोळा सुजलाय, मान वाकडी आहे, उघडं पिल्लू आहे आणि घरटं नाही, पाखरू घार-घुबडासारखं शिकारी आहे किंवा मोर आहे, किंवा खोक्यात दोन तास ठेवूनही मलूलच आहे. यातलं एक जरी असलं तरी घरचे उपाय बंद.

आपलं नशीब म्हणजे नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तिथे रानातल्या पशुपक्ष्यांवरच उपचार होतात. पत्ता माहीत नसेल, तुम्ही हिंगणा, कामठीकडे असाल किंवा काय करावं सुचत नसेल, तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६, टोल फ्री. रात्री कुठेच पोचता आलं नाही तर खोका, अंधार, मोसमाप्रमाणे ऊब, एवढंच करा आणि उजाडताच निघा.

बरं झालं तर पाळू, असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातलं पाखरू घरी ठेवता येत नाही. आपला हिरवा पोपटही नाही, कितीही घरांत पिंजरा दिसत असला तरी. सापडलेल्या वन्यजीवाची खबर ४८ तासांच्या आत द्यायची असते.

एकाच जागी चार-पाच कावळे किंवा बगळे मेलेले दिसले तर मात्र वरचं काहीच लागू नाही. हात लावू नका, खोका आणू नका, मुलांना लांब ठेवा आणि वन विभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले होते. इतक्या मोठ्या जनावरांना जे झालं ते हलक्यात घ्यायचं नाही.

नेताना खोका मांडीवर घ्या, डिक्कीत नाही. दुचाकीवर मागे बसलेल्याने दोन्ही हातांनी धरा. गाडीत गाणी बंद, एसीचा झोत खोक्यावर नको. आणि निघायच्या आधी खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: कुठल्या झाडाखाली, कुठल्या गल्लीत सापडलं, किती वाजता, आणि आपण काय काय दिलं. पाणी पाजलं असेल तर लपवू नका, तेही लिहा, उपचार त्यावरून ठरतात. जागा नेमकी लिहा, "त्रिमूर्तीनगर" एवढंच नको. बरं झाल्यावर ते पाखरू तिथेच सोडायचं असतं. त्याची जोडी, त्याचं पाणी, त्याचं रात्रीचं झाड तिथेच आहे.